रणजीत धावांचा डोंगर, तरी भारतीय संघाबाहेर! निवड नेमकी होते कशी?

ऑक्टोबर २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिका 'अ' संघाविरुद्धच्या सामन्यांसाठी भारत 'अ' संघ जाहीर झाला. त्यात सरफराज खानचं नाव नव्हतं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, तेव्हा मधल्या सुट्टीत नववीच्या दोघा-तिघा मुलांनी मला व्हरांड्यात गाठलं.

"सर, सरफराजको क्यूँ नई लिए?"

मी काही बोलायच्या आतच त्यांच्यातल्या एकाने उत्तर देऊन टाकलं, "नाम देखके नई लिए सर, और क्या!"

हा प्रश्न तेव्हा फक्त आमच्या व्हरांड्यात नव्हता. राजकीय नेत्यांनी तो जाहीरपणे विचारला, टीव्हीवर त्यावर आरडाओरडा झाला, व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज फिरले. इरफान पठाणसारख्या माजी खेळाडूने उलट बाजू मांडली, की निवड समितीच्या डोक्यात काहीतरी योजना असते, उगाच वेगळे अर्थ काढू नका. दोन्ही बाजूंनी बोलणारे पुष्कळ होते. पण निवड होते कशी, हे मुलांना समजेल अशा भाषेत सांगणारं मला कोणी दिसलं नाही.

"असं काही नसतं रे, जा अभ्यास कर" असं सांगून मी त्या मुलाला वाटेला लावू शकलो असतो. पण ज्या मुलाला दार आधीच बंद आहे असं वाटतं, तो बॅट उचलत नाही आणि पुस्तकही उचलत नाही, हे वीसेक वर्षं शिकवताना मी पाहिलंय. म्हणून त्याला जे सांगितलं, ते इथे जरा सविस्तर लिहितोय.

मैदान ते भारतीय संघ : पायऱ्या किती?

मुलांना वाटतं की आयपीएलमध्ये चमकलं की थेट भारताची टोपी. टी-ट्वेंटीच्या संघासाठी ते काही अंशी खरंही आहे. कसोटी संघाचा रस्ता मात्र लांब आहे.

सुरुवात वयोगटापासून होते. १६ वर्षांखालील मुलांसाठी विजय मर्चंट ट्रॉफी, १९ वर्षांखालील मुलांसाठी विनू मंकड ट्रॉफी आणि कूचबिहार ट्रॉफी, २३ वर्षांखालील खेळाडूंसाठी सी. के. नायडू ट्रॉफी. या सगळ्या स्पर्धा राज्य संघटनांच्या संघांमध्ये होतात. त्यातून जे वर येतात त्यांच्यापुढे रणजी ट्रॉफी असते. १९३४-३५ पासून सुरू असलेली ही स्पर्धा म्हणजे भारतीय क्रिकेटचा कणा.

रणजीत आज ३८ संघ आहेत. ३२ संघ एलिट विभागात, आठ-आठच्या चार गटांत. उरलेले सहा प्लेट विभागात. एलिट संघाला साखळीत सात सामने मिळतात, प्रत्येक सामना चार दिवसांचा. म्हणजे फलंदाजाच्या हातात हंगामात दहा ते चौदा डाव. त्यात दोन-तीन सामने वाईट गेले, एखादा पावसात वाहून गेला, बोट मोडलं, की वर्ष संपलं. पुढची संधी पुढच्या हिवाळ्यात.

आता हिशेब करा. ३८ संघ, प्रत्येकात पंधरा खेळाडू धरले तरी ५७० होतात. भारतीय कसोटी संघात जागा अकरा, आणि त्यातल्या सात-आठ आधीच पक्क्या असतात. म्हणजे एका वेळी खरोखर मोकळ्या जागा दोन किंवा तीन.

रणजी आणि भारतीय संघ यांच्या मधेही पायऱ्या आहेत. दुलीप ट्रॉफी आहे, इराणी करंडक आहे (रणजी विजेता विरुद्ध शेष भारत), आणि सगळ्यात महत्त्वाचा भारत 'अ' संघ. हा संघ म्हणजे निवड समितीची तालीम. कोण परदेशी गोलंदाजांसमोर टिकतो, कोणाला इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची हवा मानवते, हे इथे पाहिलं जातं. म्हणून भारत 'अ' मधून नाव गळलं की खेळाडूच्या छातीत धस्स होतं. सरफराजच्या बाबतीत लोक चिडले, ते या पायरीमुळे. भारतीय संघात जागा नसेल तर नसो, पण दुसऱ्या फळीतही नाही?

हे सगळं ठरवते पाच जणांची निवड समिती. जुलै २०२३ पासून अजित आगरकर तिचे अध्यक्ष आहेत. सदस्य व्हायला माणूस स्वतः मोठं क्रिकेट खेळलेला लागतो: सात कसोटी, किंवा तीस प्रथम श्रेणी सामने, किंवा दहा एकदिवसीय आणि वीस प्रथम श्रेणी सामने, शिवाय निवृत्त होऊन पाच वर्षं झालेली हवीत. कर्णधार आणि प्रशिक्षक यांचं मत घेतलं जातं. ही बैठक बंद दाराआड होते. बाहेर येते ती फक्त नावांची यादी.

सरफराजसाठी दार कधी उघडलं?

सरफराजच्या प्रवासाची उजळणी करू. नौशाद खान मूळचे आझमगढचे. मुंबईत आझाद मैदानावर मुलं घडवणारे प्रशिक्षक. स्वतःच्या मुलांनाही त्यांनीच तयार केलं. २००९ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, सरफराजने रिझवी स्प्रिंगफिल्ड शाळेकडून हॅरिस शिल्डमध्ये ४३९ धावा केल्या. २०१४ आणि २०१६ असे १९ वर्षांखालील दोन विश्वचषक तो खेळला. २०१५ मध्ये सतराव्या वर्षी आयपीएलमध्ये उतरला. मग मुंबई सोडून उत्तर प्रदेशकडून खेळायला गेला, काही जमलं नाही, परत आला. त्यात वर्षं गेली.

जानेवारी २०२० मध्ये वानखेडेवर त्याने नाबाद ३०१ धावा केल्या, आणि त्याही उत्तर प्रदेशविरुद्धच! त्या हंगामात ९२८ धावा. २०२१-२२ च्या हंगामात ९८२ धावा. २०२२-२३ मध्ये पुन्हा साडेपाचशेच्या वर. प्रथम श्रेणीतली सरासरी सत्तरच्या जवळपास. तरीही बोलावणं नाही. मोहल्ल्यातल्या चहाच्या टपरीवर लोक विचारायचे, अजून किती धावा करायच्या या पोराने?

अखेर बोलावणं आलं २०२४ च्या सुरुवातीला. ते कसं आलं ते नीट पाहा, कारण निवडीचं सगळं गणित त्यात आहे. इंग्लंडचा संघ भारतात होता. विराट कोहलीने वैयक्तिक कारणाने मालिकेतून माघार घेतली. हैदराबादच्या पहिल्या कसोटीनंतर के. एल. राहुल आणि रवींद्र जडेजा जखमी झाले. नेमक्या त्याच सुमारास सरफराजने अहमदाबादला भारत 'अ' कडून इंग्लंड लायन्सविरुद्ध १६१ धावा केल्या होत्या. संघात नाव आलं. तरीही दुसऱ्या कसोटीत टोपी मिळाली रजत पाटीदारला. तिसऱ्या कसोटीपर्यंत श्रेयस अय्यर संघाबाहेर झाला, राहुल तंदुरुस्त झाला नाही, आणि १५ फेब्रुवारी २०२४ ला राजकोटमध्ये अनिल कुंबळेच्या हातून सरफराजला टोपी मिळाली. नौशादभाईंचे अश्रू सगळ्या देशाने पाहिले. पहिल्या डावात ६२ धावा करून तो धावबाद झाला, दुसऱ्यात नाबाद ६८.

म्हणजे आधी चार वर्षं धावा, मग नेमक्या वेळेला भारत 'अ' मधलं शतक, आणि त्यात तीन मोठ्या खेळाडूंच्या जागा एकाच वेळी मोकळ्या. हे सगळं जुळलं तेव्हा दार उघडलं. यातलं फक्त पहिलं त्याच्या पूर्णपणे हातात होतं.

मग दार पुन्हा का मिटलं?

सरफराजच्या कसोटी डावांची यादी मी मुलांना फळ्यावर लिहून दाखवली : ६२, नाबाद ६८, १४, ०, ५६, ०, १५०, ११, ९, ०, १. सहा कसोटी, ३७१ धावा, सरासरी ३७.१०. यात काय दिसतं ते सांगा म्हटलं. एक मुलगी म्हणाली, "सर, १५० च्या आजूबाजूला बघा." बरोबर पाहिलं तिने.

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने लखनौला इराणी करंडकात मुंबईसाठी नाबाद २२२ धावा केल्या. त्यानंतर न्यूझीलंडविरुद्ध बंगळुरूत शुभमन गिलची मान आखडली म्हणून त्याला जागा मिळाली. पहिल्या डावात भारत ४६ धावांत गुंडाळला गेला, सरफराज शून्यावर. दुसऱ्या डावात त्याने १५० ठोकल्या. पण सामना हातातून गेला होता. पुणे आणि मुंबईत फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्ट्यांवर चार डावांत मिळून २१ धावा. भारत ती मालिका मायदेशात ०-३ ने हरला. एवढी मोठी हार झाली की कोणाच्या तरी नावावर काट मारली जाते, आणि ज्याची जागा सगळ्यात कच्ची त्याच्यावर ती आधी पडते. ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर तो गेला, पण एकही कसोटी खेळला नाही.

२४ मे २०२५ ला इंग्लंड दौऱ्याचा संघ जाहीर झाला. सरफराज त्यात नव्हता. आगरकरांनी तेव्हा पत्रकारांना कारण दिलं होतं. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा, की शतकानंतर त्याच्याकडून धावा झाल्या नाहीत, उलट करुण नायरने देशांतर्गत क्रिकेटमध्ये ढिगाने धावा केल्यात आणि त्याला इंग्लंडमधल्या काउंटी क्रिकेटचा अनुभव आहे. यानंतर आठवड्याभरात कँटरबरीला भारत 'अ' कडून सरफराजने ९२ धावा केल्या. पण यादी आधीच निघाली होती. यालाच आपण नसीब म्हणतो.

आता एक तुलना. राजकोटमध्ये सरफराजसोबत त्याच दिवशी ध्रुव जुरेललाही टोपी मिळाली होती. जुरेल मधल्या फळीत खेळतो, यष्टिरक्षणही करतो. पुढच्याच रांची कसोटीत त्याने ९० आणि नाबाद ३९ धावा करून सामना जिंकून दिला. ऋषभ पंत परतल्यावर जुरेलही बाहेर बसला. पण पंत २०२५ मध्ये जखमी झाला आणि जुरेलची जागा पुन्हा उघडली. ऑक्टोबरमध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध अहमदाबादला त्याने १२५ धावा केल्या. नोव्हेंबरमध्ये, ज्या भारत 'अ' मालिकेत सरफराज नव्हता, तिच्यातल्या एकाच सामन्यात जुरेलने दोन्ही डावांत नाबाद शतकं केली. म्हणजे सरफराज ज्या पाचव्या-सहाव्या क्रमांकावर खेळतो, तिथे यष्टी सांभाळणारे दोघे, शिवाय जडेजा, वॉशिंग्टन सुंदर, नितीश कुमार रेड्डी यांच्यासारखे गोलंदाजीही करणारे बसलेत. फक्त फलंदाजी करणाऱ्याला तिथे जागा काढणं अवघड. सरफराजने मुंबईकडून वरच्या क्रमांकावर खेळावं, अशी चर्चा पेपरांतून आली ती यामुळेच.

मग निवड समितीचं सगळं बरोबर का? मला तसं वाटत नाही. कँटरबरीत ९२ करणारा, सतरा किलो वजन उतरवणारा, सरासरीने कोणाच्याही मागे नसलेला खेळाडू भारत 'अ' मध्येही का नको, याचं उत्तर ऑक्टोबरमध्ये समोर येऊन कोणी दिलं नाही. मे महिन्यात कारण सांगितलं होतं, तेव्हा वाद झाला पण लवकर शमला. ऑक्टोबरमध्ये कारण सांगितलं नाही, तेव्हा लोकांनी आपापलं कारण शोधलं.

रांगेत आणखी कोण उभं आहे?

सरफराज एकटाच असता तर संशय आणखी बळकट झाला असता. पण ही रांग फार जुनी आणि फार लांब आहे.

मुंबईचे डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, कसोटी एकही नाही. हरियाणाचे राजिंदर गोयल, ७५० बळी, त्यांनाही एकही कसोटी नाही. दोघांचा गुन्हा एवढाच की त्यांच्या काळात बिशनसिंग बेदी होते. अमोल मुझुमदारने रणजी पदार्पणात २६० धावा केल्या, कारकिर्दीत अकरा हजारांहून जास्त. पण समोर तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण. भारताची टोपी त्याला कधीच मिळाली नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचे प्रशिक्षक हेच अमोल मुझुमदार होते. अल्लाहच्या घरी देर आहे, अंधेर नाही, असं आमच्या अम्मी म्हणायच्या, ते आठवलं.

अलीकडचं बघा. गुजरातचा प्रियांक पांचाळ प्रथम श्रेणीत २९ शतकं करून २०२५ मध्ये निवृत्त झाला, एकही कसोटी न खेळता. बंगालचा अभिमन्यू ईश्वरन २०२२ पासून वेळोवेळी भारतीय कसोटी संघाबरोबर फिरला, भारत 'अ' चा कर्णधार झाला, पण अकरा जणांत त्याचं नाव काही लागेना. जलज सक्सेना हा रणजीत सहा हजार धावा आणि चारशे बळी घेणारा पहिला खेळाडू, त्यालाही बोलावणं नाही. विदर्भाच्या हर्ष दुबेने २०२४-२५ मध्ये ६९ बळी घेऊन एका रणजी हंगामातला विक्रम केला, तर त्याला मिळाला तो भारत 'अ'.

आणि करुण नायर. २०१६ मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धावा, कसोटीत त्रिशतक करणारा दुसरा भारतीय. तीन महिन्यांत संघाबाहेर. कर्नाटकच्या संघातूनही वगळला गेला, विदर्भात आला, २०२४-२५ च्या रणजीत ८६३ धावा काढून विदर्भाला विजेतेपद मिळवून दिलं. आठ वर्षांनी परतला. इंग्लंडमध्ये आठ डाव, २०५ धावा, आणि पुन्हा बाहेर.

आपल्या मुलांची नावंही या रांगेत आहेत. मुंबईचा शम्स मुलाणी २०२१-२२ च्या रणजीत ४५ बळी घेऊन पहिल्या क्रमांकावर होता, फलंदाजीही करतो. पण तो डावखुरा फिरकीपटू, आणि त्या जागेवर जडेजा, अक्षर पटेल, कुलदीप. शिवलकरांचीच कहाणी, फक्त नावं बदललीत. उलट त्याच मुंबई संघातला ऑफस्पिनर तनुष कोटियन याला डिसेंबर २०२४ मध्ये थेट ऑस्ट्रेलियाचं विमान मिळालं, कारण अश्विनने मालिकेच्या मधेच निवृत्ती जाहीर केली आणि ऑफस्पिनरची जागा मोकळी झाली. दोघेही एका ड्रेसिंगरूममधले, दोघेही मेहनती. फरक पडला तो रिकाम्या झालेल्या खुर्चीचा.

बारामुल्लाचा वेगवान गोलंदाज आकिब नबी बघा. जम्मू-काश्मीरकडून २०२४-२५ च्या रणजीत ४४ बळी. ऑगस्ट २०२५ मध्ये दुलीप ट्रॉफीत चार चेंडूंत चार बळी, त्या स्पर्धेच्या इतिहासात पहिल्यांदाच. डिसेंबर २०२५ च्या आयपीएल लिलावात दिल्लीने त्याच्यासाठी ८ कोटी ४० लाख मोजले. काश्मीरच्या बर्फातून, जिथे वर्षातले कितीतरी महिने मैदानच मिळत नाही, तिथून आलेला मुलगा आज दार ठोठावणाऱ्यांत पुढे आहे.

आणि ज्यांच्यासाठी दार उघडलं त्यांचंही सांगू. हैदराबादच्या रिक्षाचालकाचा मुलगा मोहम्मद सिराज २०१६-१७ च्या रणजीत ४१ बळी घेऊन पुढे आला. भारत 'अ' मध्ये घासून निघाला. डिसेंबर २०२० मध्ये शमी जखमी झाला, तेव्हा मेलबर्नला त्याला टोपी मिळाली. ऑगस्ट २०२५ मध्ये ओव्हलवर शेवटच्या सकाळी त्याने भारताला सहा धावांनी कसोटी जिंकून दिली.

आता नावाचा प्रश्न

टाळायचा नाही म्हणून स्पष्टच लिहितो. नावावरून घर न मिळणं, नोकरीच्या मुलाखतीत चेहरे बदलणं, हे आपल्या समाजातल्या अनेकांनी सोसलंय. त्यामुळे मुलाच्या तोंडून असा प्रश्न आला तर त्याला रागावू नका. ती शंका त्याने घरातून, रस्त्यावरून, मोबाईलमधून उचललेली असते. प्रश्न विचारणं हा गुन्हा नाही.

पण शिक्षक म्हणून मी मुलांना एक सवय लावतो, की उत्तर लिहिण्याआधी सगळा पुरावा मांडा. ज्या भारत 'अ' संघातून सरफराज वगळला गेला, त्याच मालिकेच्या दुसऱ्या सामन्याच्या संघात मोहम्मद सिराज आणि खलील अहमद होते. अझरुद्दीनने ४७ कसोटींत भारताचं नेतृत्व केलं. झहीर खानने ३११ कसोटी बळी घेतले. आणि धावा-बळींचे डोंगर रचूनही टोपी न मिळालेल्यांत मुझुमदार, शिवलकर, पांचाळ आहेत. एवढं समोर ठेवल्यावर "नाव बघून काढलं" असं ठामपणे म्हणता येत नाही. "अन्याय झाला" असं मात्र म्हणता येतं, आणि मी म्हणतो. अन्याय व्हायला प्रत्येक वेळी धर्मच कारण लागतो असं नाही. कधी घाई, कधी आवडनिवड, कधी बंद खोलीतला आळसही पुरतो.

मंडळाकडे एक साधी मागणी मात्र आपण सगळ्यांनी करायला हवी. ज्या खेळाडूने वर्षानुवर्षं धावा केल्या त्याला वगळताना दोन ओळींचं कारण द्या. शाळेत मुलाला नापास करताना आम्ही पेपर दाखवतो, गुण कुठे गेले ते सांगतो. पालक नाराज होतात, पण मास्तरने दुश्मनी काढली असं म्हणत नाहीत. देशातल्या सगळ्यात श्रीमंत क्रीडा संघटनेला एवढं जमायला काय हरकत आहे?

आपली मुलं खरी गळतात कुठे?

हे लिहिताना मला जास्त चिंता निवड समितीच्या खोलीची नाही. तिथवर पोचणारा मुलगा लढून घेतो. आपली बहुतेक मुलं त्याच्या फार आधी, बारा ते सोळा वर्षांच्या दरम्यान गळतात, आणि त्याची बातमी होत नाही.

शाळेला मैदान नसतं. मैदान असलं तर मॅट नसते. लेदर बॉलने खेळायचं तर पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट, बॅट. एका किटच्या पैशांत घरातल्या दोन भावंडांची वर्षाची फी भरून होते. मग मुलं टेनिस बॉलवर नाव कमावतात, गावोगावच्या टुर्नामेंट गाजवतात आणि वीस वर्षांची झाली की कळतं, रणजीचा रस्ता लेदर बॉलवरून जातो आणि तो सहा वर्षांपूर्वीच सुटला.

दुसरी गोष्ट माहितीची. महाराष्ट्रात रणजीचे तीन संघ आहेत, हेच बऱ्याच पालकांना ठाऊक नसतं. विदर्भाच्या जिल्ह्यांतल्या मुलांसाठी नागपूरची विदर्भ क्रिकेट संघटना, मुंबई आणि लगतच्या पट्ट्यासाठी मुंबई क्रिकेट संघटना, बाकीच्या जिल्ह्यांसाठी पुण्याजवळ गहुंज्याला असलेली महाराष्ट्र क्रिकेट संघटना. आपल्या जिल्ह्याची संघटना कोणती, तिच्या निवड चाचण्या कधी असतात, हे चौकशी करून कळतं. चौकशी करणारा बाप मात्र हवा.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची, आणि ही आमच्या शाळेच्या ऑफिसात मी रोज पाहतो. जन्मदाखल्यावर 'शेख मोहम्मद', आधारवर 'मोहम्मद शेख', शाळेच्या रजिस्टरमध्ये 'मो. शेख', आणि जन्मतारीख प्रत्येक ठिकाणी वेगळी, कारण पहिलीच्या प्रवेशाला कोणीतरी अंदाजाने १ जून लिहून टाकली. वयोगटाच्या क्रिकेटमध्ये वयाची तपासणी कडक असते. १६ वर्षांखालच्या मुलांची तर हाडांची चाचणीही होते. कागद जुळला नाही तर गुणवान मुलगा मैदानात उतरण्याआधीच बाद. इथे निवड समितीचा काही संबंध नाही. हे काम आपलं आहे.

पालकांनी काय करावं?

आमच्या त्या नववीच्या मुलाचे वडील नंतर भेटायला आले. पोरगा बरा खेळतो, दहावीनंतर शाळा बंद करून पूर्ण वेळ क्रिकेटला लावू का, म्हणाले. मी त्यांना इक्बाल अब्दुल्लाचं उदाहरण दिलं. तोही आझमगढचा, तोही नौशाद खान यांच्या हाताखाली तयार झालेला. २००८ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता, कर्णधार विराट कोहली. २०११ च्या आयपीएलचा सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू ठरला. पण भारतीय संघात जागा मिळाली नाही. मुंबईनंतर केरळ, मिझोराम, सिक्कीम अशा संघांतून खेळत राहिला. एवढा चांगला खेळाडू, दार एवढं जवळ, तरी उघडलं नाही.

पण त्याची कारकीर्द वाया गेली का? अजिबात नाही. २०२१ मध्ये वाढवलेल्या दरांनुसार रणजीत वीसपर्यंत सामने खेळलेल्याला दिवसाला ४० हजार, चाळीसहून जास्त सामने खेळलेल्याला ६० हजार रुपये मिळतात. चार दिवसांच्या एका सामन्याचे दीड-दोन लाख होतात. रणजी खेळणं हीच एक इज्जतीची रोजीरोटी आहे. पंच, प्रशिक्षक, स्कोअरर, फिजिओ, शाळेचा क्रीडाशिक्षक, असे रस्तेही खेळातूनच निघतात. त्यातल्या बहुतेकांना किमान बारावी, बरेचदा पदवी लागते.

म्हणून मी त्यांना सांगितलं : शाळा सोडू नका. सकाळचा सराव, दिवसा शाळा, संध्याकाळी नेट. दोन्ही चालतं, फक्त झोपेची आणि मोबाईलची शिस्त लावावी लागते. कोकणातल्या काळुस्त्याचे गुलाम परकार १९८२ मध्ये लॉर्ड्सवर भारताकडून एकच कसोटी खेळले, आजही तिकडची माणसं ते नाव अभिमानाने घेतात. अंजुमन-ए-इस्लाम शाळेतून आलेला, बसचालकाचा मुलगा वसीम जाफर कारकिर्दीतल्या दुसऱ्याच प्रथम श्रेणी सामन्यात नाबाद ३१४ करूनही तीन वर्षं थांबला, मग ३१ कसोटी खेळला. वगळल्यावरही खेळत राहिला आणि रणजीत बारा हजारांहून जास्त धावा करून थांबला. मुलापुढे ठेवायचीच असतील तर ही उदाहरणं ठेवा.

सब्र म्हणजे हात बांधून बसणं नव्हे, हे आपण मुलांना दीनी तालीममध्ये सांगतो. सब्र म्हणजे आपलं काम चालू ठेवून थांबणं. सरफराजने तेच केलं. वगळलं गेलं की तो पुन्हा पॅड बांधून मुंबईसाठी उतरतो. धाकटा भाऊ मुशीर २०२४ च्या रणजी फायनलमध्ये शतक करून चमकला, मग त्याच वर्षी अपघातात मानेला दुखापत झाली, आणि तोही सावरून परत मैदानात आला.

शेवटी त्या मुलाला मी विचारलं, "सरफराजको नई लिए, मान लिया. तू इस साल जिल्हा ट्रायलको गया था क्या?" त्याने मान खाली घातली. फॉर्म भरलाच नव्हता. जन्मदाखल्यावरचं नाव जुळत नव्हतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांना सगळे कागद घेऊन शाळेत बोलावलं. दाखल्याची दुरुस्ती आता चालू आहे.